उदाहरण नेमके कोठे अडते?

बारावीच्या विज्ञान शाखेतील किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थी कलनाचा अथवा यामिकीचा गृहपाठ घेऊन मदत मागायला येतो, तेव्हा त्याचे पहिले वाक्य बहुधा ‘हे गणित सुटत नाही’ एवढेच असते. त्याची वही उघडून पाहिल्यावर मात्र असे दिसते की, उत्तराकडे नेणाऱ्या आठदहा ओळींपैकी बहुतेक त्याला येत असतात आणि अडचण एखाद्याच ओळीत, पुष्कळदा तर पहिली ओळ लिहिण्याच्याही आधी, दडलेली असते. ती जागा शोधून काढणे हेच शंकानिरसनाचे मुख्य काम होय. तेथून पुढची आकडेमोड विद्यार्थी सहसा स्वतःच पुरी करतो.

कलनातील एक नेहमीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एखादी राशी दुसऱ्या राशीनुसार, येथे काळानुसार, कोणत्या दराने बदलते हे काढण्याच्या क्रियेला विकलन म्हणतात. भिंतीला टेकवलेल्या ५ मीटर लांबीच्या शिडीचे खालचे टोक सेकंदाला ०.५ मीटर या वेगाने भिंतीपासून दूर सरकत आहे. ते भिंतीपासून ३ मीटरांवर असताना वरचे टोक किती वेगाने खाली येत असेल, असा प्रश्न असतो. खालच्या टोकाचे भिंतीपासूनचे अंतर क्ष आणि वरच्या टोकाची उंची य मानली, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार क्ष² + य² = २५ हे समीकरण मिळते आणि येथपर्यंत बहुतेक वह्या बिनचूक असतात. पुढच्या ओळीत मात्र अनेक विद्यार्थी क्षच्या जागी लगेच ३ लिहितात, त्यामुळे य ४ येतो, आणि मग विकलन करायला गेल्यावर सगळेच आकडे स्थिर असल्याने उत्तर शून्य येते. अशा वेळी ‘आधी विकलन कर, मग किंमत घाल’ असा नियम सांगून मोकळे होता येते. परंतु तो नियम पुढच्या उदाहरणापर्यंत टिकत नाही. त्याऐवजी ‘शिडी सरकत असताना क्ष ३ च राहतो का?’ एवढेच विचारले, तर ३ हा आकडा एका क्षणापुरता आहे आणि समीकरण मात्र प्रत्येक क्षणाला लागू आहे, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. मग तो समीकरणाचे काळानुसार विकलन करतो, त्यानंतर ३, ४ आणि ०.५ या किमती भरतो आणि वरचे टोक सेकंदाला ०.३७५ मीटर या वेगाने खाली येत असल्याचे उत्तर काढतो.

भौतिकशास्त्रातील अडचण बहुतेक वेळा बैजिक नसून परिस्थितीच्या आकलनाची असते. समजा, ३० अंशांच्या उतारावर २ किलोग्रॅम वस्तुमानाचा ठोकळा स्थिर ठेवला आहे आणि ठोकळा व उतार यांमधील स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.७ आहे, घर्षणबल किती, हे काढायचे आहे. विद्यार्थी मुक्त पिंड आकृती, म्हणजे वस्तू एकटी काढून तिच्यावरील प्रत्येक बल बाणाने दाखवणारी आकृती, व्यवस्थित काढतो. गुरुत्वाकर्षणाचा उतारालगतचा घटक ९.८ न्यूटन आहे हेही त्याला मिळते. त्यानंतर तो गुणांकाला अभिलंब बलाने, म्हणजे उताराने ठोकळ्यावर काटकोनात लावलेल्या बलाने, गुणून घर्षण सुमारे ११.९ न्यूटन लिहितो. आकडेमोड चोख असते. पण हे उत्तर मान्य केले, तर उताराच्या वरच्या दिशेने सुमारे २.१ न्यूटन बल शिल्लक राहते आणि ठोकळा आपोआप वर चढू लागला पाहिजे. मदत करणाऱ्याने ही विसंगती स्वतः सांगण्यापेक्षा ‘आता ठोकळा कोणत्या दिशेला जाईल?’ असे विचारणे अधिक उपयोगी ठरते, कारण मग गुणाकारातून मिळालेली संख्या ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष किंमत नव्हे, हा भेद विद्यार्थ्याला स्वतःच्याच उत्तरातून दिसतो. ठोकळा हलू नये यासाठी लागते तेवढेच, म्हणजे ९.८ न्यूटन, घर्षण निर्माण होते.

सोडवलेली उदाहरणे कितीही वाचली तरी नवे उदाहरण का अडते, याचे एक कारण मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेसर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सापडते. यामिकीच्या उदाहरणांचे गट पाडायला सांगितले असता, नवशिक्यांनी उतार, स्प्रिंग अशा दिसणाऱ्या वस्तूंवरून गट पाडले, तर तज्ज्ञांनी ऊर्जेची अक्षय्यता, न्यूटनचा दुसरा नियम अशा तत्त्वांवरून पाडले. गाइडमधील किंवा मोबाइलवरील तयार उत्तर पायऱ्या दाखवते; परंतु तेथे हेच तत्त्व का लावले आणि दुसरे का नाही, हा निर्णय त्यात बहुधा लिहिलेला नसतो, आणि विद्यार्थ्याला नेमका तोच घेता येत नसतो. म्हणूनच अनुभवी शिक्षक पेन विद्यार्थ्याच्याच हातात राहू देतात आणि प्रत्येक ओळीला ‘हे का?’ असे विचारतात. ही रीत वेळखाऊ आहे, आणि पटसंख्या मोठी असलेल्या वर्गात ती पाळणे कठीण असते, हे नाकारता येत नाही.

उत्तर आल्यावरही काम संपत नाही. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात उदाहरण सोडवण्याच्या चार टप्प्यांपैकी शेवटचा टप्पा मागे वळून तपासण्याचा सांगितला आहे, आणि गृहपाठात तोच सर्वाधिक वगळला जातो. एकके जुळतात का आणि टोकाच्या स्थितीत उत्तर सयुक्तिक राहते का, या दोन कसोट्याही पुष्कळ काही उघड करतात. वरील घर्षणाच्या चुकीच्या रीतीत उताराचा कोन शून्य धरला, तर सपाट टेबलावरचा ठोकळाही कोणी न ढकलता चालू लागेल. शिडीच्या उदाहरणात उत्तर बरोबर असूनही य शून्याच्या जवळ नेल्यावर वरच्या टोकाचा वेग अमर्याद वाढतो. याचा अर्थ गणित चुकले असा नसून, खालचे टोक एकसारख्या वेगाने सरकत राहते आणि वरचे भिंतीला टेकलेलेच राहते ही गृहीते प्रत्यक्षात शेवटपर्यंत टिकू शकत नाहीत, असा होतो.

अशा मदतीचा परिणाम गुणांच्या आधी विद्यार्थ्याच्या प्रश्नांत दिसतो. ‘सुटत नाही’ असे म्हणणारा विद्यार्थी काही आठवड्यांनी ‘ठोकळा घसरेल की नाही हे आधी ठरवायचे का?’ असे विचारू लागतो. आपले उदाहरण कोणत्या ओळीत अडले आहे हे आता तो स्वतःच सांगू शकतो, आणि पुष्कळदा प्रश्न पुरा होण्याआधीच त्याला उत्तर सुचलेले असते.