चाकणचा संग्रामदुर्ग

किल्ला म्हटले की मराठी माणसाची नजर डोंगरमाथ्याकडे जाते. चाकणचा किल्ला मात्र गावातच, घरांच्या आणि दुकानांच्या गर्दीत, सपाट जमिनीवर आहे. पिंपरीतल्या आमच्या संत तुकाराम नगरातून तो वीसेक किलोमीटर. नाशिक फाट्याला वळायचे, भोसरी आणि मोशी मागे टाकायची, इंद्रायणीचा पूल ओलांडायचा आणि चिंबळी फाटा, कुरुळी करत चाकण गाठायचे. या रस्त्याने रोज हजारो कामगार कंपन्यांच्या बसमधून पहिल्या पाळीला जातात. त्यांतल्या बहुतेकांना चाकण म्हणजे एमआयडीसी, कांद्याचा बाजार आणि तळेगाव चौकातली वाहनांची कोंडी. त्या चौकापासून जवळच महाराष्ट्रातल्या एका विलक्षण वेढ्याची जागा आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

चाकणचे महत्त्व त्याच्या जमिनीत आहे. जुन्नरकडून पुण्याकडे आणि नगरकडून घाटवाटांनी कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटा याच पट्ट्यातून जात. मैदान मोकळे, पाणी जवळ, रस्ता सरळ. सैन्याला हवे ते सगळे इथे होते, आणि पुढे वाहनांच्या कारखान्यांनाही नेमके तेच हवे होते. बहमनी सुलतानाचा सरदार मलिक-उत्-तुज्जार याने पंधराव्या शतकाच्या मध्यास कोकणच्या मोहिमेसाठी तळ टाकला तो चाकणलाच. कोकणातल्या शिर्के सरदारांनी त्याला खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, रानात नेऊन फौजेसकट कापून काढले. वाचलेले परदेशी शिपाई कसेबसे चाकणच्या कोटात परतले, तर दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरून त्यांनाच वेढले आणि अभयाचे वचन देऊन बाहेर काढून मारले. बहमनी राज्य पुढे दख्खनी विरुद्ध परदेशी या वैरात पोखरले गेले. त्या वैराचे सर्वांत रक्तरंजित पान चाकणला लिहिले गेले आहे.

निजामशाहीत हा किल्ला भोसल्यांच्या जहागिरीशी जोडला गेला. शिवाजीराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा इथे किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. राजांनी त्यांना त्याच जागी कायम ठेवले.

बांधणी समजून घेतली तर पुढची लढाई नीट कळते. कोट साधारण चौकोनी. कोपऱ्यांवर आणि तटाच्या मध्ये बुरूज, तटावर चऱ्या, गोळीबारासाठी जंग्या. पूर्वेकडून आत येताना एकामागून एक दरवाजे ओलांडावे लागत. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदीप्रमाणे खंदक सुमारे 30 फूट रुंद आणि 15 फूट खोल होता. उत्तरेच्या अंगाला त्यात पाणी असे, बाकी बाजू कोरड्या. डोंगरी किल्ल्याला निसर्गाने जे फुकट दिले, ते इथे माणसांनी कुदळ-फावड्याने कमावले होते. भुईकोटाची किंमत आपण कमी लावतो याचे मला नेहमी वाईट वाटते. कडा नसताना लढायचे, तर भिंतीइतकीच भिंतीमागची माणसेही पक्की लागतात.

1660 चा पावसाळा. राजे पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. जुलैत ते निसटून विशाळगडाला पोचले, घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. याच आठवड्यांत उत्तरेकडे मोगल सुभेदार शायिस्ताखान पुण्यातून निघून 21 जूनला चाकणपुढे उभा राहिला. त्याला वाटले असेल, सपाटीवरचा लहानसा कोट, चार दिवसांचे काम. फिरंगोजींना बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती. राजे दूर, नद्या भरलेल्या, वाटा चिखलाच्या.

खानाने चारही बाजूंनी मोर्चे लावले, दमदमे उभारून तोफा चढवल्या. पावसाने दारू भिजत होती, खणलेले चर पाण्याने भरत होते. आतून मारा चालूच राहिला. शेवटी खानाने आपल्या उत्तरेकडच्या मोर्च्यापासून ईशान्येच्या बुरुजापर्यंत भुयार खणवून सुरुंग पेरला. 14 ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास बत्ती दिली आणि बुरूज वरच्या माणसांसकट उडाला. मोगल फौज खिंडाराकडे धावली आणि तिथेच थबकली. भगदाडाच्या मागे किल्ल्यातल्या लोकांनी मातीचा उंच बांध आधीच रचून ठेवला होता. खणणाऱ्या शत्रूची चाहूल त्यांना लागली असणार, आणि बुरूज वाचणार नाही हेही उमगले असणार. तरी त्यांनी दरवाजा उघडला नाही, टोपल्यांनी माती वाहिली. त्या दिवशी हल्ला तिथेच अडला. मोगलांना ती रात्र उघड्यावर काढावी लागली. दुसऱ्या दिवशी, 15 ऑगस्टला, ते आत शिरले. शिबंदी बालेकिल्ल्यात हटली आणि मग मोगलांकडच्या भावसिंह हाडाच्या मध्यस्थीने किल्ला खाली झाला.

हा वेढा 56 दिवस चालला. मोगलांच्या स्वतःच्या दरबारी इतिहासात त्यांचे 268 मेले आणि 600 जखमी झाले असा आकडा आहे. खानाने फिरंगोजींना बादशाही चाकरी देऊ केली. ती नाकारून ते राजांकडे परतले. राजांनी त्यांचा गौरव करून पुढे त्यांना भूपाळगडाची किल्लेदारी दिली. मोगलांनी चाकणचे नाव इस्लामाबाद ठेवले, पण लोकांच्या तोंडी ते रुळले नाही. एका भुईकोटापुढे एवढे दिवस आणि एवढी माणसे गेल्यावर खान डोंगरी किल्ल्यांच्या वाटेला फारसा गेला नाही. पुण्याच्या लाल महालात राहिला, आणि 5 एप्रिल 1663 च्या रात्री राजांनी तिथे घातलेला छापा सर्वांना ठाऊक आहे.

1818 च्या फेब्रुवारीत कर्नल डीकनच्या इंग्रजी फौजेने किल्ला घेतला. तिथून पुढची कथा हळूहळू ढासळण्याची आहे. तट पडला, दगड गेले, खंदक बुजला, वस्ती आत-बाहेर पसरली. आज दरवाजाकडचा भाग, काही बुरूज आणि तटाचे तुकडे उरले आहेत. आत दामोदर विष्णूचे मंदिर आहे, तिथे दिवा लागतो. गावातल्या चक्रेश्वर मंदिराच्या आवारातली जुनी शिल्पे, विशेषतः वराहाची मूर्ती, हा कोट होण्याआधीचे चाकण सांगतात. अलीकडच्या वर्षांत दुर्गप्रेमी तरुणांनी झाडोरा काढला, उरलेल्या तटाच्या काही भागाची डागडुजीही झाली.

डागडुजी कुठवर करायची, हा प्रश्न इथूनच सुरू होतो. दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोन या तटबंदीच्या गावाने तो आपल्या आधी सोडवून पाहिला. तिथे दुहेरी तट, 52 बुरूज, तळाशी रोमन काळाचे थर. 1209 मध्ये धर्मयुद्धाच्या फौजेपुढे तेही 15 ऑगस्टलाच पडले होते. 1659 च्या तहाने फ्रान्स-स्पेनची सीमा दूर सरकली आणि गावाचे लष्करी मोल संपले. दगड विकले जाऊ लागले, दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात गरिबांनी घरे बांधली. सरकारने तट पाडायचेच ठरवले, तेव्हा क्रो-मेरव्हीय या स्थानिक अभ्यासकाने आवाज उठवला आणि 1853 पासून वास्तुकार व्हियोले-ल्-द्युक याने दुरुस्ती हाती घेतली. त्याने गाव वाचवले, यात शंका नाही. पण बुरुजांवर त्याने उत्तर फ्रान्सच्या धर्तीची पाटीच्या दगडाची टोकदार छपरे चढवली. दक्षिणेत कौलांची, कमी उताराची छपरे असत. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. 1997 मध्ये कार्कासोन जागतिक वारशाच्या यादीत गेले. तटामधल्या घरांतली माणसे मात्र केव्हाच उठवली गेली होती.

यातून चाकणने घ्यायचे ते मला स्पष्ट दिसते. उरलेला तट वाचवावा, दगडांच्या सांध्यांत सिमेंट न कोंबता घाण्यावर मळलेला चुना भरावा, कारण सिमेंट ओल आत कोंडते आणि दगड आतून फुटतो. बुजलेल्या खंदकाची रेघ जमिनीवर आखून दाखवावी. किल्ल्यालगतच्या कुटुंबांना शत्रू मानू नये. भुईकोट नेहमी वस्तीबरोबरच जगला आहे, आणि ही घरे जपणुकीत सामील झाली तरच राखण रोज होईल. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा ठरले. त्यांत डोंगर आणि समुद्र यांनी राखलेले किल्लेच आहेत, चाकण नाही. त्यासाठी रुसायचे कारण नाही. चाकणला आधी पुण्या-पिंपरीच्या शाळांच्या सहलींच्या यादीत जागा मिळाली तरी पुष्कळ आहे. पीएमपीच्या बसने येता येते, चढण नाही, आणि आजोबांनाही नातवंडांबरोबर आत फिरता येते.

एका गोष्टीसाठी मात्र मी भांडेन. ईशान्येच्या कोपऱ्यावर नवाकोरा गोल बुरूज बांधू नये. तिथे 14 ऑगस्ट 1660 ही तारीख, सुरुंगाचा मार्ग आणि आतल्या मातीच्या बांधाची जागा दाखवणारा दगडी नकाशा बसवावा, शाळकरी मुलाला वाकून बोट फिरवता येईल एवढ्या उंचीवर.