घरच्या ध्वनिमिश्रणाला यंत्रें किती लागतात?

गाण्याची आवड असलेल्या सुशिक्षित घरांतून हल्लीं एक मागणी हटकून पुढें येते. मुलगा किंवा मुलगी लॅपटॉपवर गाणीं जुळवूं लागते. पेटी, तबला, तानपुरा आणि गळा यांचे निरनिराळे मुद्रित पदर, ज्यांना ट्रॅक म्हणतात, एकत्र आणावयाचे आणि त्यांचा लहानमोठेपणा, डावें-उजवें व घुमारा ठरवावयाचा, या क्रियेचें नांव मिक्सिंग. पहिलीं दोन-चार गाणीं मनासारखीं वठलीं नाहींत, कीं दोष लॅपटॉपच्या अंगच्या साउंड कार्डावर जातो, आणि बाहेरून जोडावयाचा महागडा ऑडिओ इंटरफेस हवा, असा अर्ज वडीलमंडळींपुढें येतो. हा पैसा कोणत्या कामीं येतो आणि कोणत्या कामीं येत नाहीं, हें तो खर्च होण्यापूर्वीं पाहिलेलें बरें.

मिक्सिंग चालू असतांना लॅपटॉपांत आवाज असा नसतोच; असतात ते आंकडे. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनें पाडलेल्या प्रघाताप्रमाणें ध्वनिलहरीचीं दर सेकंदास ४४,१०० मापें घेतात. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो, आणि तेवढें टिपण्यास त्याच्या दुपटीहून थोडीं अधिक मापें पुरतात. दोन पदर मिसळणें म्हणजे त्यांच्या मापांची बेरीज. एखादा पदर हलका करणें म्हणजे त्याच्या मापांना एकाहून लहान संख्येनें गुणणें. हा सारा हिशेब प्रोसेसर करतो. तयार गाण्याची फाइलही याच हिशेबांतून लिहिली जाते. साउंड कार्ड त्या वाटेवर कोठेंच नसतें. तीच मांडणी आणि त्याच आज्ञावल्या असतील, तर इंटरफेस जोडला काय आणि न जोडला काय, फाइलींत त्यामुळें फरक पडत नाहीं. पैसे मोजून बेरीज अधिक गोड होत नसते.

पदर वीस-तीस झाले कीं मधूनच तडतड ऐकूं येते, तिलाही साउंड कार्डाची खराबी समजतात. बहुधा ती प्रोसेसरची दमछाक असते. मापांचा पुढचा गठ्ठा वेळेवर तयार होत नाहीं आणि आवाजांत खंड पडतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. तो २५६ मापांऐवजीं १,०२४ मापांचा केला, कीं बहुतेक वेळां तडतड थांबते. आणि त्याला कांहीं पैसा पडत नाहीं.

मग गाणीं बिघडतात कशानें? ऐकण्यानें. जुळविणाऱ्याचा प्रत्येक निर्णय त्याला जें ऐकूं येतें त्यावर उभा असतो. लॅपटॉपचे चिमुकले स्पीकर खर्जांतले स्वर जवळजवळ उमटवीतच नाहींत. डग्ग्याचा मूळ नाद त्यांतून निघत नाहीं. तरी तो असल्यासारखा वाटतो, कारण वरच्या उपस्वरांवरून खालचा स्वर मन आपल्या पदरचा पुरवून घेतें. ही कानाची करामत ऐकणाऱ्याला सोयीची, पण जुळविणाऱ्याला मोठी घातक. डग्गा आहे खरा, पण दुबळा आहे, असें समजून तो त्याला वाढवीत नेतो. पुढें तेंच गाणें एखाद्या समारंभांत मोठ्या स्पीकरवर लागतें, आणि गाणाऱ्याचे शब्द डग्ग्याखालीं बुडून जातात. महिनाभराची मेहनत अशी चारचौघांत वायां जाते.

यांत आणखी एक भर पडते. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील फ्लेचर आणि मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, आवाज लहान असतांना कानाला खर्ज मधल्या स्वरांच्या मानानें फारच कमी ऐकूं येतो. शेजाऱ्यांच्या भीतीनें रात्रीं हळू आवाजांत जुळविलेलें गाणें सकाळीं मोठ्यानें लावलें कीं खर्जानें तुडुंब भरलेलें वाटतें, तें यामुळेंच.

तर मग चांगले स्पीकर घ्यावेत, असें कोणी म्हणेल. येथें खोली आडवी येते. १२ फूट लांबीच्या खोलींत समोरासमोरच्या भिंतींमधील अंतर सुमारें ३.६६ मीटर. हवेंत ध्वनि सेकंदास ३४३ मीटर जातो. यावरून सुमारें ४७ कंपनांच्या स्वराची अर्धी लहर त्या लांबींत नेमकी बसते. तो स्वर भिंतींपाशीं फुगतो आणि खोलीच्या मध्यावर बसलेल्याला जवळजवळ ऐकूंच येत नाहीं. रुंदी १० फूट असेल, तर तोच प्रकार ५६ कंपनांच्या सुमारास घडतो. पडदे, गाद्या, पुस्तकांचीं कपाटें यांनीं वरच्या स्वरांचे प्रतिध्वनि निवतात; पण एवढ्या लांब लहरींना पडदा अडवूं शकत नाहीं, आणि स्पीकरची किंमत तर मुळींच नाहीं.

म्हणून लहान घरांत पहिला खर्च हेडफोनवर करावा, हें शहाणपणाचें ठरतें. ते तारेचे असावेत. बिनतारी हेडफोनांत आवाज आकुंचित करून पाठविला जातो व तो उशिरा पोंचतो. ३०० ओहमचे हेडफोन लॅपटॉपच्या खोबणींतून बहुधा क्षीण वाजतात. ३२ ओहमच्या आसपासचे निभावतात. हेडफोनांतही दोष आहेच. स्पीकरचा आवाज दोन्ही कानांना पोंचतो, हेडफोनची डावी बाजू मात्र डाव्या कानापुरतीच. त्यामुळें डावें-उजवें अंतर अवास्तव वाटतें. यासाठीं तयार गाणें मोटारींत, मोबाइलवर आणि शक्य तर दुसऱ्याच्या घरीं लावून पाहावें.

घरीं सर्व कांहीं होतें, याचा दाखला म्हणून बिली आयलिश या गायिकेच्या पहिल्या संग्रहाकडे बोट दाखवितात. तिनें व तिचा भाऊ फिनियस यानें लॉस एंजलिस येथील घराच्या शयनगृहांत ध्वनिमुद्रित केलेला हा संग्रह २०१९ सालीं निघाला, आणि २०२० सालीं त्याला सर्वोत्कृष्ट संग्रहाचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. दाखला खरा आहे, परंतु अर्धा. त्याचें अखेरचें मिश्रण रॉब किनेल्स्की यानें केलें आणि मास्टरिंग जॉन ग्रीनहॅम यानें. शयनगृह पुरलें तें गाण्याला व वाजविण्याला; पारख दुसऱ्या कानांनीं केली.

इंटरफेसची गरज लागते ती ध्वनिमुद्रणांत. मायक्रोफोनचा क्षीण संदेश न कुरकुरतां मोठा करणें आणि कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला ४८ व्होल्टांचा पुरवठा करणें, हीं कामें लॅपटॉपची खोबण करीत नाहीं. शिवाय गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्यें उशिरा ऐकूं आला तर त्याचा ताल ढळतो. २५६ मापांचा एक गठ्ठा म्हणजे ५.८ मिलिसेकंद, दोन मीटर दुरून ऐकण्याइतका उशीर. आंत येतांना एक आणि बाहेर जातांना एक, असे दोन गठ्ठे धरले तर तो दुप्पट होतो. पुष्कळ इंटरफेसांत गायकाचा आवाज संगणकाला वळसा न घालतां थेट त्याच्या कानीं देण्याची सोय असते. घरांत एकच गळा मुद्रित व्हावयाचा असेल, तर दोन मायक्रोफोन लागतील असा साधा इंटरफेस पुरे. तबल्याच्या दोन्ही अंगांना वेगळा मायक्रोफोन लावून त्याच वेळीं गाणेंही घ्यावयाचें असेल तरच चार तोंडांचा घ्यावा.