ओल्गा टाउस्की: विमानाचा पंख आणि मॅट्रिक्सची वर्तुळं

मॅट्रिक्स म्हणजे फक्त परीक्षेतले मार्क, असं वाटतं ना? मग आज मी ओल्गा टाउस्की-टॉड यांची गोष्ट सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात त्या इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत विमानांच्या 'फ्लटर'वर काम करायच्या. ठरावीक वेगापुढे पंख थरथरतो. थरथर वाढत गेली तर तुटतो. हा धोका आधीच ओळखायला मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू लागतात. आणि आजच्यासारखे कॉम्प्युटर तेव्हा कुठले!

त्यांनी गेर्शगोरिनची १९३१ ची युक्ती वापरली. समजा, पहिली ओळ १०, १ आणि दुसरी २, ५. कर्णावरचा आकडा म्हणजे केंद्र, ओळीतल्या उरलेल्या आकड्यांची चिन्ह सोडून बेरीज म्हणजे त्रिज्या. झाली दोन वर्तुळं: १० भोवती १ चं, ५ भोवती २ चं. आयगेनव्हॅल्यू यांच्याबाहेर जाऊच शकत नाहीत. खरी उत्तरं साधारण १०.३७ आणि ४.६३. बघा, बसली की नाही आत!

१९५७ मध्ये दोघं नवरा-बायको अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये रुजू झाले. पती जॉन टॉड थेट प्राध्यापक, ओल्गा मात्र संशोधन सहयोगी. त्यांना प्राध्यापकपद मिळालं १९७१ मध्ये. तोवर काम काही थांबलं नव्हतं.

आता वहीत एक मॅट्रिक्स घ्या आणि वर्तुळं काढून बघा. भेटू पुढच्या भागात!