सीसीसी मारायची, पण कधी?

उन्हाळ्यातली खरड छाटणी होऊन द्राक्षबागा फुटल्या की तासगावातल्या आमच्या कृषी सेवा केंद्रात एकच मागणी सुरू होते. "वैनी, शेंडा नुसता सुसाट सुटलाय. सीसीसी द्या."

सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड. ना कीडनाशक, ना बुरशीनाशक, ना खत. शास्त्रात अशा पदार्थाला रोधक म्हणतात. तो एखादी रासायनिक क्रिया मंद करतो किंवा अडवून धरतो.

वेल स्वतःच्या वाढीसाठी जिबरेलिन नावाचं संजीवक तयार करते. त्यामुळे पेरं लांबतात. सीसीसी ते संजीवक तयार होण्याच्या सुरुवातीच्या पायरीवरच अडथळा आणते. वेलीला इजा होत नाही. पेरं आखूड राहतात, पान गडद आणि जाड होतं, शेंड्याकडे पळणारं अन्न काडीच्या डोळ्यांत साठतं. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर जो घड बाहेर येतो, तो याच उन्हाळ्यात डोळ्यात सूक्ष्म रूपात बसलेला असतो. शेंडा पळत राहिला तर काडी वांझ निघते. फळछाटणीनंतर मात्र हेच शेतकरी मणी लांबवायला जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, मागतात. उन्हाळ्यात जे रोखलं, तेच पुढं विकत घेऊन द्यायचं!

माझं माहेर कराडकडचं, उसाचं. तिथला रोधक युरियाच्या गोणीतच येतो. जमिनीतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि ते पाटपाण्याबरोबर खाली निघून जातं. निंबोळी तेल त्या जिवाणूंचा वेग कमी करतं, नत्र उसाला जास्त दिवस पुरतं. २०१५मध्ये सरकारनं देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळीचा लेप सक्तीचा केला तो यासाठीही. इकडं बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देतात. मण्यातलं जे विकर द्राक्ष तपकिरी करतं, त्याला ती धुरी थोपवते.

रोधकाचा परिणाम मात्र मात्रा आणि वेळ यांवर ठरतो. वेळ चुकली की तोच अंगाशी येतो. सीसीसी वेलीत बराच काळ टिकते आणि मण्यात उतरते. २०१०मध्ये युरोपात गेलेल्या महाराष्ट्रातल्या द्राक्षांत तिचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि निर्यातीचं गणित कोलमडलं. भर हंगामात माल अडकला, बागायतदारांना मोठा फटका बसला.

तेव्हापासून बाटली काढण्याआधी मी विचारते, छाटणी कुठली, पानं किती? खरडीनंतर पाचवं पान आलंय म्हणाला तर बाटली आणि मोजमाप लिहिलेली चिठ्ठी. घड दिसतोय म्हणाला तर नुसता चहा.