उलटा ठेवलेला मोबाइल

चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी साडेसातला थर्ड शिफ्ट सुटलेली पोरं चहाला थांबतात. मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाचा मोबाइल थरथरला. त्यानं नंबर बघितला. उचलला नाही, कटही केला नाही. नुसता पालथा करून टपरीच्या पत्र्यावर ठेवला. मग खिशातून पुडी काढली, चुन्याची डबी उघडली आणि तळहातावर मळायला लागला.

"हप्तेवाल्याचा ना?" शेजारच्यानं विचारलं.

"असू दे. दुपारी बघू."

दुपारी तो खोलीवर झोपलेला असणार, हे दोघांनाही माहीत होतं. या 'दुपारी बघू'बद्दल आपल्या मनात बरेच गैरसमज आहेत. भोसरीपासून चाकणपर्यंत हजारो घरं हप्त्यांवर आणि पाळ्यांवर चालतात, तिथे ते फार महागात पडतात.

गैरसमज: टाळाटाळ करणारा माणूस आळशी असतो, नाहीतर भित्रा.

रात्रभर मशीनवर उभं राहून आलेल्या मुलाला आळशी कसं म्हणायचं? टाळण्याची सवय टिकते, कारण टाळल्यानं खरोखर बरं वाटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ओ. एच. मॉरर यांनी 1947मध्ये याचा उलगडा केला. भीती वाटणारी गोष्ट नजरेआड केली की जीव हलका होतो, आणि ते हलकं होणं बक्षिसासारखं काम करतं. ज्याला बक्षीस मिळतं ते मेंदू पुन्हा करायला लावतो. तोटा असा, की फोनवरचं बोलणं खरंच तितकं भयंकर होतं का, हे तपासायची वेळच येत नाही. म्हणून पुढच्या खेपेला तोच नंबर आणखी जड वाटतो. घरचे त्याला 'बेजबाबदार' म्हणतात तेव्हा टाळायच्या यादीत आणखी एक गोष्ट वाढते, ती म्हणजे घरच्यांशी बोलणं.

गैरसमज: तंबाखूनं डोकं शांत होतं.

हा सगळ्यांत चिवट गैरसमज आहे, कारण तो ज्याच्या त्याच्या अनुभवातून आलेला असतो. बार भरला की दोन मिनिटांत खरंच बरं वाटतं. पण आधी बिघडलेलं काय होतं, ते बघायला हवं. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. सवय लागलेल्या शरीराला ते कमी पडलं की चिडचिड होते, लक्ष लागत नाही, अस्वस्थ वाटतं. आपण म्हणतो, सुपरवायझरनं डोकं फिरवलं. त्यातला काही भाग सुपरवायझरचा असेलही, पण उरलेला मागच्या पुडीचा असतो. नवी पुडी तेवढाच भाग मिटवते आणि श्रेय सगळ्याचं घेते. मालाचं रिजेक्शन तसंच राहतं, हप्ताही तसाच राहतो.

2014मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. तो धूम्रपान करणाऱ्यांबद्दल होता. सोडणाऱ्यांचं दडपण, चिंता आणि उदासी न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेली आढळली. निकोटिन तेच असल्यानं मळणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं. सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे, जड जातात हे मात्र खरं. ते आधीच माहीत असलं तर माणूस चौथ्या दिवशी 'आपल्याला नाही जमत' म्हणून हात टेकत नाही.

हे चार-दोन जणांपुरतं नाही. 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करत होते, आणि त्यातले बहुतेक विडी-सिगारेट न ओढता तोंडात धरणारे होते. रात्रपाळीत जागं राहायला मदत होते, असंही सांगतात. निकोटिन उत्तेजक आहे, तेव्हा जाग येते हे खरं. पण सकाळी खोलीवर आल्यावर झोप उडवतं तेही तेच. सोडायचं असेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

दारूचंही जवळपास असंच आहे. 'थोडी घेतली की झोप लागते' म्हणतात. लागते लवकर, पण मोडतेही लवकर, आणि उठल्यावर अंग आंबलेलं असतं. डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी 1986मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये व्यसन हा आजार समजून उपचार होतात आणि घरच्यांनाही त्यात सामील करून घेतात. ज्या घरात हा विषय काढणंच टाळलं जातं, तिथल्यांनी हे लक्षात ठेवावं.

गैरसमज: सतत कामात असलेला माणूस काहीच टाळत नसतो.

टाळण्याचं हे रूप सगळ्यांत प्रतिष्ठेचं आहे. ओव्हरटाइमला, म्हणजे ओटीला, दुप्पट दर हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, आणि पगारात भागत नाही म्हणून ओटी करणाऱ्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण गरज नसताना रविवारीही गेटवर हजर असणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. घरी म्हाताऱ्या वडिलांचे रिपोर्ट उघडायचे असतात, किंवा दहावीला नापास झालेल्या मुलाशी बोलायचं असतं. गरजेपोटी ओटी करणारा आणि घर टाळणारा, बाहेरून दोघे सारखेच कष्टाळू दिसतात. यातला आपण कोणता, हे ज्याचं त्यालाच कळतं.

गैरसमज: टाळणं वाईटच, प्रत्येक गोष्टीला भिडलंच पाहिजे.

हे पटण्यासारखं नाही. जे आपल्या हातात नाही त्यापासून दोन तास लक्ष काढून घेणं शहाणपणाचं असू शकतं. निगडीच्या दुर्गा टेकडीवर चक्कर मारून येणारा किंवा संध्याकाळी हरिपाठाला बसणारा पळून जात नाही. तो परत येतो तेव्हा भिडायला थोडा ताजा असतो.

आणि काही भीती खरी असते. पॉवर प्रेसचा सेन्सर चालत नाही हे कंत्राटी कामगार सांगत नाही, कारण उद्या ठेकेदारानं 'येऊ नको' म्हटलं तर? 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत कामगारांची बोटं कशी जातात याची नोंद त्यांत आहे, आणि पॉवर प्रेस हे त्यातलं मोठं कारण आहे. अशा गप्प बसलेल्या माणसाला 'सकारात्मक विचार कर' असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तक्रार करणाऱ्याची नोकरी जाणार नाही, याची हमी कारखान्यानं द्यायची असते. त्याच्या मनावर उपचार करून सेन्सर दुरुस्त होत नाही.

मन खरोखरच थकलं असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर 14416 हा 'टेलिमानस'चा क्रमांक आहे. ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022मध्ये सुरू झाली. ती फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. फोन केला म्हणजे आपण वेडे ठरलो, असं नाही.

आता त्या पालथ्या मोबाइलकडे येऊ. रिझर्व्ह बँकेनं 12 ऑगस्ट 2022च्या परिपत्रकात बजावलं आहे, की वसुलीसाठी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करायचा नाही, शिवीगाळ आणि धमकी तर नाहीच. म्हणजे साडेसातला वसुलीवाल्यानं फोन केला असेल, तर चूक त्याची होती. पण आठनंतर आपण होऊन लावायचा फोन आपल्यालाच लावावा लागतो. सगळं एका दमात निपटायची गरज नाही. पहिल्या दिवशी नुसते मेसेज उघडून वाचावेत. दुसऱ्या दिवशी कागदावर तीन प्रश्न लिहावेत: किती हप्ते थकले, दंड किती, हप्त्याची तारीख बदलून मिळेल का. मग शेजारी मित्राला बसवून फोन लावावा.

तिसरा प्रश्न सोडू नये. हप्ता 5 तारखेला कापला जातो आणि ठेकेदाराचा पगार 10 तारखेला जमा होतो, एवढ्यानंच कितीतरी हप्ते बाउन्स होतात. वर प्रत्येक बाउन्सचा दंड. तारीख बदलून मागितली तर काही ठिकाणी एका अर्जावर मिळते.