रडून दाखव, बाळा!

1931 साली हॉलिवूडमध्ये ‘स्किपी’ नावाचा चित्रपट आला. त्यातल्या एका प्रसंगात छोट्या जॅकी कूपरला रडायचं होतं आणि काही केल्या त्याला रडू येत नव्हतं. दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग हे त्याच्या सख्ख्या मावशीचे यजमान. त्यांनी मुलाला धमकी दिली, की तुझ्या कुत्र्याला गोळी घालतो. मूल ओक्साबोक्शी रडलं आणि कॅमेऱ्याने ते रडणं टिपलं. टॉरोग यांना त्या चित्रपटाच्या दिग्दर्शनासाठी ऑस्कर मिळालं, नऊ वर्षांच्या जॅकीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन मिळालं. पन्नास वर्षांनी, 1981 साली, जॅकी कूपर यांनी आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नाव ‘प्लीज डोन्ट शूट माय डॉग’. एवढ्या कारकिर्दीनंतर पुस्तकाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना तो कुत्राच आठवला.

मुलांना अभिनय शिकवण्याविषयी बोलताना मी या घटनेपासून सुरुवात करतो, कारण या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न इथेच आहे. पडद्यावर जे अश्रू दिसतात ते पात्राचे आहेत की त्या मुलाचे? मुलाला फसवून, घाबरवून, अपमान करून रडवलं तर चित्रीकरण होतं, पण त्या मुलाने अभिनय केलेला नसतो. त्याचं दुःख कुणीतरी परस्पर वापरलेलं असतं. मुलाला भूमिकेत शिरण्याची वाट दाखवणं आणि त्याच वाटेने सुखरूप बाहेर आणणं, याला मी प्रशिक्षण म्हणतो. दुसरा भाग नसेल तर पहिला शिकवण्याचा हक्क कुणालाही नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. ‘पथेर पांचाली’चं चित्रीकरण सत्यजित राय यांनी 1952 साली काशफुलांच्या माळावर सुरू केलं. अपू दिदीला शोधत त्या उंच गवतातून चालतो, एवढाच प्रसंग. सुबीर बॅनर्जी हा मुलगा सरळ, ताठ चालायचा, कवायतीला निघाल्यासारखा. ‘हरवल्यासारखा चेहरा कर’ असं राय यांनी त्याला सांगितलं नाही. त्यांनी वाटेत लहानसहान अडथळे टाकले, ते ओलांडत त्याला चालायला लावलं. गवतात ठरावीक अंतरावर माणसं लपवली. ती एकेक करून त्याला हाक मारत आणि तो थबकून त्या दिशेला बघत असे. पडद्यावर आपल्याला बहिणीला शोधणारा, बावरलेला अपू दिसतो. मुलाला मात्र करायला एक छोटं, जमण्यासारखं काम दिलेलं होतं. मुलांच्या अभिनय-शिक्षणाचं मर्म मला या गवताच्या माळावर सापडतं: मुलाकडे भावना मागू नका, त्याला कृती द्या.

आपल्याकडच्या अनेक वर्गांत नेमकं याच्या उलट चालतं. मे महिना लागला की मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत अभिनय शिबिरांचे फलक झळकतात. मुलांना रांगेत उभं करून ‘आता राग दाखव, आता आनंद, आता दुःख’ असं करून घेतलं जातं. भुवया वर, ओठ खाली, मुठी आवळलेल्या. एखाद्या गाजलेल्या चित्रपटातले संवाद पाठ करून घेतले जातात आणि मुलगी मोठ्या बाईच्या आवाजात, मोठ्या बाईच्या लकबीने ते म्हणून दाखवते. पालक टाळ्या वाजवतात. ही मुलगी पुढे ऑडिशनला गेली की कास्टिंग डायरेक्टरचा पहिला अर्धा तास तिने शिकलेलं सगळं विसरायला लावण्यात जातो. कॅमेरा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. क्लोजअपमध्ये पापणीची उघडझाप दिसते, आवंढा गिळलेला दिसतो. तिथे ठरवून वर केलेली भुवई फार मोठी वाटते.

याचा अर्थ रंगमंच मुलांच्या कामाचा नाही, असा मुळीच नाही. महाराष्ट्राला बालनाट्याची मोठी परंपरा आहे. सुधा करमरकर यांनी अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास केला आणि 1959 मध्ये रत्नाकर मतकरी यांच्या ‘मधुमंजिरी’पासून लिटल थिएटरचं काम सुरू केलं. पुढे मतकरी यांनी ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा राहण्यासाठी पुढाकार घेतला. तिथे वस्तीतली मुलं स्वतःच्या जगण्यातून नाटक रचतात. दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची ‘संस्कार रंग टोली’ 1989 पासून मुलांसोबत काम करते आहे. अशा ठिकाणी मूल समोरच्याचं ऐकायला शिकतं, आपली पाळी नसताना गप्प राहायला शिकतं, दुसऱ्याचं वाक्य विसरलं तर सांभाळून घ्यायला शिकतं. कॅमेऱ्यापुढे यातलं ऐकणं सगळ्यात जास्त कामाला येतं. चांगला बालकलाकार ओळखायचा असेल तर तो बोलत नसताना त्याच्याकडे पाहावं.

कॅमेऱ्यासाठी वेगळं शिकवावं लागतं ते बरंचसं तांत्रिक आहे आणि मुलांना ते झपाट्याने येतं, कारण त्यांना त्यात खेळ दिसतो. जमिनीवर चिकटपट्टीने केलेल्या खुणेवर खाली न बघता येऊन थांबायचं. समोर माणूस नसताना ठरलेल्या बिंदूकडे बघून बोलायचं. पहिल्या टेकला डाव्या हातात पेला धरला असेल तर सातव्या टेकलाही डाव्याच हातात धरायचा, नाहीतर संकलनाच्या वेळी दृश्य जुळत नाही. गोष्टीचा शेवट पहिल्या दिवशी आणि सुरुवात शेवटच्या दिवशी चित्रित होऊ शकते, हे मुलाला आधीच सांगायला हवं. म्हणून चांगले शिक्षक मुलांकडून संवाद घोकून घेण्याआधी संपूर्ण गोष्ट त्यांच्याच शब्दांत सांगून घेतात. मुलाला गोष्ट कळली की आज आपण तिच्या कुठल्या वळणावर उभे आहोत हे त्याला बरोबर सांगता येतं.

या कामातला सगळ्यात धडा घेण्यासारखा प्रयोग मुंबईतच झाला. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे!’साठी (1988) रस्त्यावर राहणाऱ्या मुलांची कार्यशाळा झाली. ती घेणारे बॅरी जॉन हे दिल्लीचे नाट्यशिक्षक. मुलं आपल्या आयुष्यातल्या घटना बोलत, करून दाखवत, त्यातून प्रसंग आकार घेत. शफीक सय्यद या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट संपल्यावर मुलांचं काय, हा प्रश्न त्या चमूने टाळला नाही आणि त्यातून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. शफीक मात्र पुढे चित्रपटात टिकू शकला नाही. तो बंगळूरला परतला आणि रिक्षा चालवू लागला. पुरस्काराच्या पलीकडे मुलाच्या हाती काय उरतं, हे अभिनयाच्या प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी पालकांना सांगायला हवं.

अमोल गुप्ते यांनी ‘स्टॅनले का डब्बा’ (2011) अंधेरीच्या एका शाळेत, शनिवारच्या कार्यशाळांमधून चित्रित केला. छोटा कॅमेरा, मोजके लोक, कुणाचीही शाळा बुडालेली नाही. त्या चित्रपटातला मुलांचा गलका इतका खरा वाटतो, याचं श्रेय मी या पद्धतीला देतो. आपल्याकडे ‘टिंग्या’चा शरद गोयेकर, ‘फँड्री’चा सोमनाथ अवघडे, ‘नाळ’चा श्रीनिवास पोकळे या तिघांनाही बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या दिग्दर्शकांनी त्यांच्यातलं मूलपण घासूनपुसून काढलं नाही, म्हणून ते पडद्यावर टिकलं.

किशोरवयीन मुलांची गोष्ट निराळी. तेरा-चौदाव्या वर्षी स्वतःच्या शरीराची, आवाजाची, मुरुमांची लाज वाटू लागते. आठव्या वर्षी सहज खेळणारं मूल इथे आखडतं. या वयात प्रेमप्रसंग किंवा मारहाणीचे प्रसंग असतील तर प्रत्येक हालचाल आधी ठरवून, तालमीत बसवून घ्यायला हवी आणि ‘हे मला नको’ म्हणण्याची मुभा शिक्षकाने सुरुवातीलाच द्यायला हवी. प्रसिद्धीची तयारी तर कुणीच करून घेत नाही. ‘सैराट’ 2016 मध्ये आला तेव्हा रिंकू राजगुरू शाळकरी मुलगी होती. गर्दीमुळे तिला नेहमीसारखं शाळेत जाणं अशक्य झालं आणि दहावीची परीक्षा तिने 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली.

मालिकांचं वेळापत्रक याहून कठोर. रोजचा भाग रोज हवा असतो, शिफ्ट बारा तासांची असते आणि मूल दमलं तरी प्रसंग संपवायचा असतो. इथे कायदा माहीत असणं पालकांच्या फार उपयोगाचं आहे. 2016 मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2017 मध्ये त्याचे नियम आले. त्यानुसार 14 वर्षांखालील मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त तर नाहीच. सलग 27 दिवसांहून अधिक काम करून घेता येत नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. शिक्षणात खंड पडणार नाही याची सोय करावी लागते. मुलाच्या कमाईपैकी निदान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकायची असते. मूल सज्ञान झाल्यावर ती त्याच्या हातात पडते. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामाला लावता येत नाही, हेही नियमातच लिहिलेलं आहे.

पैशांबाबतचा हा नियम एका जुन्या दुःखातून जगाने शिकलेला आहे. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला (1921) जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याची बहुतेक कमाई आई आणि सावत्र वडिलांनी खर्चून टाकली होती. तो न्यायालयात गेला आणि 1939 मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या मिळकतीचं रक्षण करणारा कायदा झाला. ही मुलं परक्यांकडून जेवढी लुबाडली जातात तेवढीच घरच्यांकडूनही, हे मान्य करणं अवघड जातं, पण ते मान्य करूनच हे नियम वाचावे लागतात.

तेव्हा मुलाला अभिनयाच्या वर्गात घालण्याआधी एक तास त्या वर्गाच्या मागच्या बाकावर बसा. शिक्षक मुलाला रडवतात की खेळवतात, प्रसंग संपल्यावर त्याला खऱ्या नावाने हाक मारून, पाणी देऊन, हसवून परत आणतात की लगेच पुढच्या मुलाकडे वळतात, हे बघा. भूमिका मिळवून देण्याची हमी देऊन पैसे मागणारा असेल तर तिथूनच परत फिरा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. भूमिका मिळालीच, तर पहिल्या कॉलटाइमच्या आधी निर्मात्याकडे जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत मागा. आणि घरी आल्यावर मुलाला एकट्यात विचारा, उद्या जायचं आहे का. ते ‘नाही’ म्हणालं, तर नाही.