संस्थेचा पासवर्ड कोणाच्या खिशात?

जबलपूरच्या मराठी माणसाला संस्था काढण्याची हौस जुनी. १७८१ मध्ये हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. राज्य गेलं, पण माणसं येतच राहिली. कोणी रेल्वेत आलं, कोणी १९०४ मध्ये सुरू झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीत, तर १९५६ मध्ये उच्च न्यायालय इथे आल्यावर वकिलीसाठीही घरं वसली. गोलबाजारातलं दत्तमंदिर आणि महाराष्ट्र शाळा ही या वस्तीची ठळक ठिकाणं. त्यांच्या आसपास आणि राइट टाउन, नेपियर टाउनच्या गल्ल्यांतून किती तरी लहान मंडळं जगत असतात. कुठे भजनी मंडळ, कुठे महिला मंडळ, कुठे दोन कपाटांचं वाचनालय, कुठे गरजू मुलांच्या फीसाठी जमवलेला निधी. पगारी कारकून कोणाकडेच नाही. दहा-पंधरा माणसं, त्यातली निम्मी निवृत्त, नोकरी-घर सांभाळून सगळं ओढतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

अशा मंडळांत नेहमी ऐकू येतं, ‘आपल्याकडे पैसे कुठे आहेत कॉम्प्युटरचे चोचले पुरवायला?’ मला हे पटत नाही. लहान संस्थेला लागणारी बहुतेक साधनं आज फुकट आहेत, उरलेली वर्षाला दोन-चार हजारांत भागतात. खरी अडचण अशी, की संस्थेचं जे जे आहे ते एका माणसाच्या नावावर असतं. ईमेल सचिवांचा स्वतःचा. सभासदांची यादी त्यांच्याच लॅपटॉपवर. फेसबुकचं पान कोणाच्या तरी भाच्याने काढलेलं. वर्गणीचा क्यूआर कोड खजिनदारांच्या बचत खात्याचा. आणि जबलपूरची मुलं शिकून पुण्याला, बंगळुरूला जातात. आईवडील आज ना उद्या त्यांच्याकडे राहायला जातात. सचिवांनी बिऱ्हाड हलवलं की संस्थेची दहा वर्षांची माहितीही त्यांच्याबरोबर जाते. कोणाचा हेतू वाईट नसतो. ती संस्थेची म्हणून वेगळी ठेवायची असते, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून सुरुवात संस्थेच्या नावाच्या ईमेलपासून करावी. सचिव, खजिनदार, वाचनालय असे पदांच्या नावाचे पत्ते असावेत. माणूस बदलला तरी पत्ता तोच. संस्थेचं स्वतःचं डोमेन घ्यायला वर्षाला हजाराच्या आतबाहेर खर्च येतो. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही नोंदणीकृत सेवाभावी संस्थांसाठी योजना आहेत. कागदपत्रं तपासून पात्र ठरलात तर गूगलची ईमेल, साठवण आणि कागद-तक्त्यांची सोय फुकट मिळते. कॅन्व्हाही सेवाभावी संस्थांना आपली सशुल्क आवृत्ती विनामूल्य देतं, म्हणजे हळदीकुंकवाचं निमंत्रण आणि वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ घरीच होतं. शाळा चालवणाऱ्यांना मात्र गूगलच्या वेगळ्या शैक्षणिक योजनेत जावं लागतं. नोंदणीच नसेल तर साधं जीमेल खातं संस्थेच्या नावाने काढावं, तेही पुरतं.

इथे एक खाच आहे, आणि तिच्यात बरीच मंडळं अडकतात. खातं संस्थेचं, पण त्यावर येणारा ओटीपी सचिवांच्या मोबाइलवर. ते प्रवासात असले की काम अडलं. गूगल खात्यात दुहेरी पडताळणी चालू केल्यावर दहा राखीव कोड मिळतात. ते कागदावर छापून पाकिटात घालावेत, पाकीट चिकटवून अध्यक्षांची सही घ्यावी आणि नोंदणी प्रमाणपत्र जिथे ठेवता तिथेच ते ठेवावं. बाकीचे पासवर्ड बिटवॉर्डनसारख्या फुकट पेटीत साठवता येतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पासवर्ड लिहिलेलं कार्यालय मी पाहिलं आहे. त्यापेक्षा हे पाकीट कितीतरी बरं.

आता वर्गणीकडे येऊ, कारण संस्थेचा श्वास तिथे आहे. पावतीपुस्तक बंद करू नका. पण प्रत्येक पावती त्याच आठवड्यात एका तक्त्यात उतरवा. रकाने आठच: पावती क्रमांक, तारीख, पूर्ण नाव, पत्ता, पॅन, रक्कम, रोख की चेक की यूपीआय, आणि कशासाठी. तक्ता एक्सेलचा असो, गूगलचा असो की लिबरऑफिसचा, फरक पडत नाही. फरक पडतो तो भरण्याच्या शिस्तीने. आपल्याला पावतीवर ‘५०१/-’ लिहायची सवय असते. तेच तक्त्यात लिहिलं की संगणक त्या घराला अक्षरं समजतो आणि बेरजेतून वगळतो. एकूण रक्कम कमी भरते आणि खजिनदार रात्रभर पावत्या ताडत बसतात. रकमेच्या रकान्यात फक्त आकडा. तारीख सगळीकडे एकाच पद्धतीने. नावाच्या रकान्यात ‘जोशीकाका, फॅक्टरीवाले’ नको, कारण पुढच्या खजिनदाराला ते कोण हे ठाऊक नसेल.

ही शिस्त आता हौसेची राहिलेली नाही. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ८०जी मान्यता असलेल्या संस्थेला २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून प्रत्येक देणगीदाराचा तपशील फॉर्म १०बीडीमध्ये आयकर खात्याला द्यावा लागू लागला. मुदत वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत, उशिराला दिवसाला २०० रुपये. तो भरला की फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र निघतं आणि त्यावरच देणगीदाराला सवलत मिळते. नुसत्या छापील पावतीचे दिवस गेले. तक्ता नीट असेल तर हे संध्याकाळभराचं काम. नसेल तर मे महिन्याच्या उन्हात घरोघर पॅन क्रमांक मागत फिरायचं. रोख देणगी २००० रुपयांच्या वर असेल तर ८०जीची सवलत मिळत नाही, हेही देणाऱ्याला आधीच सांगावं. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांची आणि फॉर्मची मांडणी बदलली आहे, तेव्हा चालू क्रमांक आणि मुदती आपल्या सीएकडून पक्क्या करून घ्याव्यात.

यूपीआयचा क्यूआर संस्थेच्या बँक खात्याचाच हवा. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापारी शुल्क शून्य आहे, म्हणजे ५१ रुपये आले तर ५१ च जमा होतात. खासगी खात्यावर वर्गणी घेऊन ‘मग संस्थेत भरतो’ म्हणणारा खजिनदार प्रामाणिक असला तरी हिशेब गढूळ होतो आणि उद्या त्यालाच उत्तरं द्यावी लागतात.

मध्य प्रदेशातल्या संस्थांचा आणखी एक मुद्दा. महाराष्ट्रातले नातेवाईक धर्मादाय आयुक्तांच्या गोष्टी सांगतात. आपल्याकडे संस्था १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदलेली असते. दरवर्षी कलम २७ ची कार्यकारिणीची यादी आणि कलम २८ चे हिशेब द्यायचे असतात. ‘सत्ताईस-अट्ठाईस भर दिया क्या?’ हा प्रश्न इथल्या प्रत्येक सचिवाच्या कानावरचा. भरलेल्या कागदांच्या पोचपावत्या मोबाइलने स्कॅन करून वर्षवार फोल्डरमध्ये ठेवल्या, तर कार्यकारिणीवरून वाद झाला किंवा बँकेने सह्या बदलायला कागद मागितले, की धावपळ होत नाही. फाइलच्या नावात आधी वर्ष लिहावं, मग विषय. यादी आपोआप क्रमाने लागते.

निरोपांसाठी व्हॉट्सअॅप आहेच. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, पण सुप्रभातच्या फुलांत सभेची नोटीस हरवते. घोषणांसाठी फक्त अॅडमिनना लिहिता येईल असा वेगळा ग्रुप ठेवावा आणि अॅडमिन किमान तिघे असावेत. सभासदांची फोन-पत्त्यांची यादी, पॅनकार्डाची छायाप्रत, शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांची घरची परिस्थिती, हे ग्रुपवर कधीही टाकू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, ते कारण आहेच. पण मदत घेणाऱ्या घराची लाज राखणं हे संस्थेचं कर्तव्य कायद्याच्या आधीपासूनचं आहे.

कार्यालयातल्या जुन्या डेस्कटॉपचं काय? विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले आणि बरेच जुने संगणक विंडोज ११ घेत नाहीत. ते भंगारात द्यायची घाई नको. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी, चार जीबी रॅम असेल याची खात्री करावी आणि लिनक्स मिंट टाकावं. पत्रं, हिशेब, ईमेल यांना एवढं भरपूर झालं. चोरून टाकलेलं विंडोज आणि ऑफिस मात्र काढून टाकावं. त्यातून व्हायरस येतो, आणि समाजाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला ते शोभतही नाही.

वाचनालयवाल्यांसाठी एक हकिगत. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या लहानशा ग्रंथालय-न्यासाचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हतं. नवं घ्यायचं तर खर्च मोठा आणि कायमचं एकाच कंपनीवर अवलंबून राहणं. त्यांनी वेलिंग्टनच्या कातिपो कंपनीकडून नवं लिहून घेतलं, २००० च्या जानेवारीत सुरू केलं आणि सगळ्यांसाठी मुक्त केलं. ते ‘कोहा’. आज भारतातली मोठी विद्यापीठंही ते वापरतात. आपल्या शेजारचंही उदाहरण आहे. बिलासपूरजवळच्या गनियारीत जन स्वास्थ्य सहयोगच्या ग्रामीण रुग्णालयात थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीने ‘बाह्मनी’ ही मुक्त रुग्णालय-प्रणाली घडवली आणि ती पुढे परदेशांतल्या रुग्णालयांतही गेली. गरज असलेली संस्था आणि कारागीर एका जागी बसले, की असं काम होतं.

तरी तीन हजार पुस्तकांच्या वाचनालयाने लगेच कोहा बसवू नये, असंच मी सांगेन. त्याला सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा माणूस लागतो. आधी तक्त्यात पुस्तकं उतरवा: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशन वर्ष, कपाट. हीच यादी पुढे कोहात चढवता येते. मात्र ती युनिकोडमध्ये असली पाहिजे. डीटीपीवाल्यांकडे अजून कृतिदेव हा जुना फॉन्ट चालतो, आणि त्यातला मजकूर दुसरीकडे नेला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उरतो. त्यात शोधता काही येत नाही. स्मरणिका छापून घेताना पीडीएफबरोबर युनिकोडमधला मजकूरही मागून घ्यावा. हिंदी मुलखात राहणाऱ्या आपल्याला आणखी एक सल असतो: छापून आलेला ल आणि श हिंदी वळणाचा. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट फुकट मिळतो आणि त्यात दोन्ही अक्षरं आपल्या वळणाची आहेत. पहिल्यांदा त्यात निमंत्रणपत्रिका निघाली तेव्हा जुन्या सभासदांचे चेहरे खुलले होते.

मोठमोठ्या प्रणाली दाखवणारे लोकही भेटतील. सभासद आणि देणगीदार सांभाळायला सिव्हीसीआरएम आहे, हिशेब आणि साठ्यासाठी मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट आहे. दोन्ही मुक्त, दोन्ही उत्तम. पण दोनशे सभासदांच्या मंडळाला त्यांची गरज नाही. जबलपुरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, २००५ पासून ट्रिपलआयटीडीएम आहे. उत्साही विद्यार्थी सुट्टीत वेबसाइट करून देतात आणि नोकरीला लागून निघून जातात. त्यांची मदत जरूर घ्या, पण डोमेन आणि खातं आधी संस्थेच्या नावावर काढा, मगच त्यांना आत येऊ द्या.

पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत एकच ठराव घ्यावा. संस्थेची कोणती खाती आहेत, ती कोणत्या ईमेलवर आहेत, क्यूआर कोणत्या बँक खात्याचा आहे, माहितीची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर कोणाकडे आहे, हे त्यात लिहावं. दोन पदाधिकाऱ्यांकडे चाव्या असाव्यात, पद सोडल्यावर पंधरा दिवसांत त्या सुपूर्द व्हाव्यात. ठराव इतिवृत्तात उतरवावा आणि वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत, हिशेबमंजुरीच्या खालोखाल, ही यादी तपासण्याचा विषय कायमचा घालावा.